साडू आणि निळं पेन

उद्या आमचे साडू वर गेले, शंभर वर्षं जगोत बिचारे, तर देवाला नमस्कार करायच्या आधी चित्रगुप्ताची वही मागून घेतील, आणि तिच्यात कुठे खाडाखोड दिसली तर त्यालाच उभा करतील. "ही दुरुस्ती कोणी केली जी? सही कुठाय? तारीख कुठाय?" अख्ख्या आयर्लंडात माझ्या माहितीचा हा एकमेव मराठी माणूस, ज्याने अमेरिकेतल्या कंट्री संगीतावरची कपाटभर पुस्तकं वाचली आणि त्यातली धड दहा गाणी ऐकली नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मूळचे नागपूरचे. नावन या गावाजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात होते. आम्हीही नावनलाच राहायचो. मी रोज बसने डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकला, कंप्युटर बडवायला जायचो. साडूंच्या कारखान्यात एक नियम होता. कागदावर चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी निळ्या पेनाने बरोबर काय ते लिहायचं, कारण लिहायचं, सही, तारीख. मग दुसऱ्या कोणीतरी ते बघून 'तपासलं' म्हणून सही करायची. बाकीचे लोक हा नियम संध्याकाळी कारखान्यातच ठेवून घरी जायचे. साडू तो सोबत आणायचे. वाणसामानाच्या यादीत ताईंनी तूरडाळ खोडून मूगडाळ लिहिली तर तिथे ताईंची सही झाल्याशिवाय गाडी दुकानाकडे हलायची नाही. ताई माझ्या मेव्हणी असूनही मला सख्ख्या बहिणीसारख्या वाटतात त्या अशा प्रसंगांतल्या त्यांच्या सहनशीलतेमुळे.

पुस्तकांचं वेड लागलं ते २०१४ साली. इकडे भाड्याच्या घरात हॉट प्रेस असतो, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपडे वाळवायचं कपाट. साडूंच्या घरातल्या त्या कपाटात आधीच्या भाडेकरूने कंट्री संगीताच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक सोडलं होतं. साडूंनी ते सवयीने शेवटच्या सूचीपासून वाचायला घेतलं आणि तासाभरात त्यांना सापडलं की एका बँजोवाल्याचं पहिलं लग्न एका प्रकरणात केंटकीत होतं आणि दुसऱ्या प्रकरणात टेनेसीत. झालं! माणूस अस्वस्थ. खरं काय ते बघायला दुसरं पुस्तक आणलं. त्यात लग्नच नव्हतं. म्हणून तिसरं. वर्षभरात हॉट प्रेसमध्ये टॉवेलला जागा उरली नाही, आणि ताई ओल्या साड्या जिन्याच्या कठड्यावर वाळत घालू लागल्या.

गाण्यांचं मात्र त्यांना वावडं. एकदा आम्ही सगळे त्यांच्या गाडीतून स्लायगोला निघालो होतो. नावन सुटल्यापासून साडू एका गायकाची कहाणी सांगत होते. दारू, कर्ज, पळून गेलेली बायको. तेवढ्यात, काय योगायोग, रेडिओवर त्याच गायकाचं गाणं लागलं. मी म्हटलं, "भाऊ, ऐका ऐका!" साडूंनी खटकन रेडिओ बंद केला. "थांबा नं राजे. अजून याचा दुसरा घटस्फोट व्हायचाय."

पण त्या माणसांवर त्यांचा जीव होता हो. एका रविवारी ते पुढ्यातला चहा निववत बसले होते. ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "गेला बिचारा. स्टेजवरून उतरता उतरता गेला. लेकरं लहान आहेत." ताईंनी जराही वेळ न दवडता पिठलं-भात टाकला, डबा भरला, अंगावर कोट चढवला आणि दारात उभं राहून विचारलं की घर कुठल्या कॉलनीत आहे. साडूंनी मान वर करून सांगितलं, "ओक्लाहोमात. साठेक वर्षं झाली." तो पिठलं-भात आम्ही जाऊन खाल्ला. ताई दोन दिवस साडूंशी बोलल्या नाहीत.

घरची पुस्तकं संपली तशी त्यांनी नावनची लायब्ररी धरली. आणि महिन्याभरात लायब्ररीतून बोलावणं आलं. सोबत म्हणून मला नेलं. टेबलावर साडूंनी परत केलेली नऊ पुस्तकं रचलेली, आणि प्रत्येकात निळ्या रेघा, सह्या, तारखा. लायब्रेरियन पोरगी तिशीची असेल, हसावं की रागवावं तिला कळेना. साडू शांतपणे म्हणाले, "मी मूळ मजकूर वाचण्याजोगा ठेवलाय, मॅडम. व्हाइटनर वापरला असता तर गोष्ट वेगळी." मी बुटांकडे बघत उभा. शेवटी त्यांनी लेखी हमी दिली की यापुढे लायब्ररीच्या पुस्तकात पेन चालवणार नाही. त्या हमीची एक प्रत मागून घेतली, हे सांगायला नकोच.

आता साडूंच्या शेजारच्या नोराबद्दल सांगतो. ऐंशीच्या घरातली विधवा बाई. दर शुक्रवारी ब्राउन ब्रेड भाजायची आणि एक पाव मधल्या भिंतीवरून ताईंकडे द्यायची. नवरा शेमस चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवून वारला. पण लग्नाआधी तो अमेरिकेला गेला होता आणि दोन हिवाळे एका कंट्री बँडमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत गावोगाव हिंडला होता, असं तो सांगायचा. पबमधली मंडळी हसायची. स्वतःची मुलंसुद्धा म्हणायची, बाबांचं आपलं क्रॅक चाललंय, म्हणजे गंमत. पुरावा काहीच नाही, परत येताना सामानाची पेटी हरवलेली. साडूंच्या पुस्तकांचं कळलं तेव्हा नोराने मोठ्या आशेने हे सगळं भिंतीवरून त्यांना सांगितलं. आणि आमच्या शहाण्या साडूंनी काय उत्तर द्यावं? "आमच्या कामात असं आहे की कागदावर नाही ते झालंच नाही."

"ग्रँड," म्हणजे ठीक आहे, एवढं म्हणून नोरा आत गेली. त्या शुक्रवारी पाव आला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. ताईंनी साडूंना असं झापलं की ते मला आमच्या घरापर्यंत ऐकू आलं असतं. "माणूस म्हणजे काय तुमच्या गोळ्यांची बॅच आहे? म्हातारीचा नवराच पुसून टाकलात तुम्ही!" साडू मला नंतर म्हणाले, "भाऊ, चूक माझी आहे. अन् ही एका रेघेत खोडता येत नाही."

तिथून पुढे दोन वर्षं त्यांनी पुस्तकं वाचलीच नाहीत. फक्त फोटो बघितले. भिंग घेऊन, एकेक फिडलवाला. लग्नं, घटस्फोट, कोण कुठे मेलं, सगळं वाऱ्यावर सोडलं. नोरा आता दिसली की पावसापाण्याचं बोलायची, बस्स. तिची प्रकृती उतरायला लागली होती आणि साडूंना त्याचीच धास्ती होती. "मॅडमला सांगून आणखी एक मागवलंय," असं म्हणायचे, आणि लायब्रेरियन पोरगी खरंच कुठून कुठून मागवून द्यायची.

२०१८ च्या शरदात त्यांचा मला ऑफिसात फोन आला. एका नव्या पुस्तकात पाच जणांच्या बँडचा फोटो होता. खाली चार नावं आणि मग 'पाचवा वादक अनोळखी'. तो पाचवा डावखुरा होता. शेमसही डावखुरा, हे नोराने तेव्हाच सांगितलेलं. मी म्हटलं, मग धावा की नोराकडे! तर म्हणाले, "असं कसं? साक्षीदाराच्या तोंडात उत्तर द्यायचं नसते." शनिवारी मला घेऊन गेले. नावांवर कागद चिकटवला, पुस्तक नोरासमोर धरलं आणि एवढंच विचारलं, "यात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

तिने चष्मासुद्धा लावला नाही. बोट थेट पाचव्यावर. "हा काय आमचा! सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हा बघतोय पायाकडे. बुटाची नाडी सुटलीय त्याची. जन्मात कधी धड बांधली नाही." मग ती रडायला लागली, आणि साडू, ज्यांना मी कारखान्यातल्या त्यांच्याच निरोपसमारंभातही कोरडे पाहिलेत, ते भिंग पुसत बसले. मी खिडकीबाहेर बघितलं. कोणीतरी बघायला हवं होतं.

पण पुस्तक लायब्ररीचं, आणि हमी लेखी. म्हणून साडू नोराला हाताला धरून लायब्ररीत घेऊन गेले, सगळं सांगितलं आणि एका दुरुस्तीची परवानगी मागितली. लायब्रेरियनने फोटो बघितला, नोराकडे बघितलं आणि म्हणाली, "मला वरच्या मजल्यावर पुस्तकं लावायची आहेत. दहा मिनिटं तरी लागतील." गेली. साडूंनी 'अनोळखी'वर एक रेघ मारली, पट्टी लावून. शेमसचं पूर्ण नाव लिहिलं. कारण: माहिती अपुरी होती. सही, तारीख. आणि पुढे नोराने 'तपासलं' म्हणून सही केली. त्या शुक्रवारी दोन पाव आले.

२०१९ मध्ये वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून साडू आणि ताई नागपूरला परत गेले. हॉट प्रेसमधली पुस्तकं लायब्ररीला दिली, सगळ्या दुरुस्त्यांसकट. आम्हाला फार करमेना. आता मी कोणाची थट्टा करायची?

मागे लायब्ररीत गेलो होतो. फलकावर, साडू असताना आम्ही तिथे केलेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा फोटो कोणा नव्या माणसाने लावला होता. आम्ही सहा जण, पाच जण दात काढून कॅमेऱ्याकडे बघतोय. साडू एकटे बघतायत बाजूच्या पुस्तकांच्या मांडणीकडे. खाली पाच जणांची नावं आणि मग 'आणि एक मित्र'.

लायब्रेरियनकडून तो फोटो मागून घेतला, निळं पेनही तिनेच दिलं. 'एक मित्र'वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. साडूंचं पूर्ण नाव लिहिलं. सही केली, तारीख घातली, आणि घरी जाताना नोराच्या दारावर टकटक केली. तिने काही न विचारता 'तपासलं'ची सही केली आणि फोटोवरून अंगठा फिरवला.

"परत येणार आहे का रे तो?" तिने विचारलं.

"येणार तर! नक्की येणार," मी म्हटलं. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. तिने मान हलवली आणि माझ्या हातात पाव दिला.