लिहून पाठवा

माझ्या हुशारीबद्दल कोणाचा चांगला समज असेल, तर चहा गार व्हायच्या आत तो दूर करतो.

मी ग्रामसेवक. नवेगाव बांधकडच्या एका गावात नुकताच बदलून आलो होतो. दुसऱ्याच दिवशी सडक अर्जुनीला दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. वरून आलेल्या पत्राचा फोटो काढला, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात चहा मागवला.

तेवढ्यात कोणा शालिकभाऊंचा मेसेज. ‘साहेब, काही समजून नाही राहिलं. लिहून पाठवा.’

आता पत्रात लिहिलेलंच तर होतं ना? म्हटलं, अक्षर बारीक असेल. जाड पेनानं कागदावर ठळक लिहिलं, फोटो काढला, टाकला.

‘साहेब, लिहून पाठवा ना.’

मीपण हट्टी. ऑफिसातला फळा पुसला, खडूनं हातभर अक्षरं काढली आणि त्याचा फोटो टाकला.

‘फोटो नाही दिसत मले, साहेब.’

इथे माझं डोकं फिरलं. टाइप केलं, ‘चष्मा लावा भाऊ.’

ग्रुप चिडीचूप. मला वाटलं, वचक बसला. वचक कसला! नव्या साहेबाला सांगायचं कोणी, म्हणून सगळे गप्प होते.

थोड्या वेळानं दारात काठी वाजली. काळा चष्मा घातलेला, पन्नाशीचा एक माणूस उंबऱ्याचा अंदाज घेत आत आला.

‘मी शालिक. लावलो जी चष्मा. आता दाखवा.’

मी गडबडीत खुर्ची पुढे केली, ती त्यांच्याच गुडघ्याला लागली.

त्यांनी मोबाईल काढला. ‘यातली बाई मले सारं वाचून दाखवते. आयका.’

बाईनं भर ऑफिसात वाचलं, ‘फोटो. फोटो. फोटो. चष्मा लावा भाऊ.’

शिपाई हसू दाबत बाहेर पळाला.

‘फोटोतला तिले वाचता येत नाही. टाइप केला का येते. आन् तुमी टाइप केला काय, तं तेवढाच!’ शालिकभाऊ म्हणाले. ‘मांगचा शिबिर असाच हुकला. पोरगी गावाले गेली, नाही तं तिलेच इचारलो असतो. याही बारीले हुकला, तं एसटीची सवलत कोन देईन मले?’

मला खरंच लाज वाटली. सूचना ज्याच्यासाठी होती, तो एकटा सोडून अख्ख्या गावाला ती वाचता आली होती.

तिथेच बसून टाइप केलं. ठिकाण, वेळ, आधार कार्ड, दोन फोटो. बाईनं घडाघडा वाचलं. ‘फोटो’ म्हणताना तिचा आवाज मला जरा खवचट वाटला. शालिकभाऊंनी पुन्हा एकदा ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘आता जमला. सकाळच्या गाडीनं जातो.’

ते निघाले. तोंडानं माफी मागवेना, साहेब ना मी! गुपचूप त्यांना ती हात जोडल्याची खूण पाठवली.

दारातच बाई खणखणीत बोलली, ‘जोडलेले हात.’

शालिकभाऊ थांबले, वळले.

‘हात नोका जोडू, साहेब. टाइप करत जा.’