कंपाउंडरभाईंच्या मेजावरचा विमा

कंपाउंडरभाई माणसाला नावाने ओळखत नसत, दुखण्याने ओळखत. पेडण्याच्या बाजारात कुणी समोरून आला की वीस पावलांवरून हाक यायची, "काय ओ हर्नियामास्तर, चेडवाचां लगीन जमलां काय?" हे हर्नियामास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ज्यांनी तीन पिढ्यांना वेताच्या छडीखाली ठेवलं, ते छत्री आडवी धरून फुलवाल्याच्या दुकानात शिरत. पतपेढीचे अध्यक्ष भाईंच्या लेखी 'मूळव्याध' होते आणि देवळाचे मानकरी 'गॅस'. मला मात्र ते सरळ 'दीपक' म्हणत. मला वाटायचं, बरं झालं, म्हातारा विसरला.

सरकारी आरोग्य केंद्रात ते तीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर आले, बदलून गेले, भाई तिथेच. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, भाईंनी बाजारातल्या चहाच्या दुकानाबाहेर एक मेज टाकलं आणि लोकांचे फॉर्म भरायला सुरुवात केली. आधी पेन्शनचे, रेशनचे. मग आमची पोरं वास्कोहून बोटीवर जाऊ लागली, आखातात गेली, पोर्तुगालला गेली आणि भाईंच्या मेजावर विम्याचे कागद येऊ लागले. परदेशात राहायला जायचं तर आधी आरोग्याचा विमा दाखवा, मगच आत या. भाई म्हणायचे, "आमच्यात पावणो इलो की पाणी विचारतत. थंय विचारतत, आजारी पडलंस तर निस्तरतलो कोण?"

त्यांची फॉर्म भरायची पद्धत म्हणजे भर बाजारात कपडे उतरवणं. फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न ते खणखणीत आवाजात विचारत आणि उत्तर अर्जदाराचं नव्हे, बाजाराचं ग्राह्य धरत. "माणूस आपल्या पोटाबद्दल खोटां बोलता," ते सांगायचे, "शेजारी कशाक बोलात?" धारगळचा एक गॅरेजवाला परदेशी मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता. मधुमेह आहे का, या प्रश्नाला तो मान वर न करता "नाही" म्हणाला. पलीकडून मासळीवाली काशीबाई कोयता खाली न ठेवता ओरडली, "ओ भाई, लिवा हो म्हणून! त्येची बायल चाय बिनसाखरेची करता नि हो हंय येऊन दोन लाडू खाता!" भाईंनी 'हो' लिहिलं आणि पुढे कंसात लाडूही लिहिले.

आता यात त्या गॅरेजवाल्याचा दोष नाही. आमच्याकडे आजार असतच नाहीत. म्हणजे होतात, पण असत नाहीत. लग्नाच्या स्थळाला आपण जसं सांगतो, घरात कुणाला काही नाही, सगळी माणसं कशी ठणठणीत, तसंच आमचे लोक विम्याच्या कागदावर लिहीत. एका बाईंनी तर आजाराच्या रकान्यात 'गृहकृत्यदक्ष' लिहिलं होतं. भाईंचं डोकं तिथेच फिरायचं. "अरे शिरा पडो तुमच्या तोंडार! कंपनीक चेडू द्यायचां नाय, आजार द्यायचो आसा! लपवलंस तर खर्च देतलो कोण?"

माझी पाळी आली तेव्हा मी तुयेच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. पोर्तुगालमध्ये एका शीतगृहात नोकरी लागली. मी आणि सुनंदा, माझी बायको, दोघांचे रहिवासाचे कागद होत आले होते. तिथल्या सरकारी दवाखान्यात नाव लागेपर्यंत खासगी विमा हवा होता. फॉर्मवर डॉक्टरांची सही लागे आणि आरोग्य केंद्रातले नवे डॉक्टर भाईंनी भरलेल्या फॉर्मखेरीज कशावर सही करत नसत. पुण्याहून आलेला माणूस, त्याला भाईंनी महिन्याभरात खिशात घातलं होतं. म्हणून जावं लागलं. नाहीतर मी त्या मेजाच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नसतो.

कारण मला लहानपणी फिट येत. आठव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत. आईने देवाला कौल लावला आणि औषधंही दिली, दोन्ही चोरून. गोळ्या गुळाच्या डब्यात असत. पुढे फिट थांबल्या, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि आमच्या घरातून तो विषयच गेला. लग्न ठरताना आईने तोंडावर बोट ठेवलं, मीही ठेवलं. सुनंदा डिचोलीची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. भाईंनी माझा फॉर्म उघडला तशी गर्दी जमली. दमा? नाही. हृदय? काशीबाई म्हणाली, "आसा, पण बायलेकडे." सगळे खिदळले. मी पुढची, फिटची ओळ आधीच वाचली होती. भाईंनी ती ओळ मनातच वाचली, पेनाला टोपण लावलं आणि गर्दीकडे बघून म्हणाले, "जावा घराक. ह्येका कायच नाय, घोड्यासारखो आसा." लोक हिरमुसून पांगले. मग भाई वाकले आणि हळू आवाजात बोलले. त्या माणसाला हळू आवाज आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"तुझी आवय पदराखाली गोळ्यांची बाटली लपवून न्यायची. मीच भरून द्यायचंय. विसारलंस?"

"भाई, चौदा वर्षं आलेली नाही. 'नाही' लिहा."

"चौदा वर्षां इल्ली नाय, तसां लिवया. पण लिवया. सुनंदाक सांगलंस?"

मी मेजावरचे कागद सारखे करू लागलो. त्यांना काय ते कळलं.

"थंय परमुलखात तू आडवो पडलंस तर कंपनीचो साहेब धावत येवचो नाय. ती येतली. तुझ्या नाकाक कांदो लावतली नि भियान मरतली. दोगांचो एकच कागद, खाली दोगांची सही. तिका कळल्याबिगर हो कागद माज्या मेजावरसून हलूचो नाय."

मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे जाता येत नव्हतं, दिवस थोडे उरले होते. संध्याकाळी सुनंदा बांगडे साफ करत होती, तेव्हा सांगून टाकलं. ती हात न थांबवता ऐकत राहिली. शेवटचा बांगडा झाल्यावर म्हणाली, "माझे बाबा तुमच्या घरी आले तेव्हा विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, ते विचारून गेले. माणसाचं विचारायचं राहिलं." मग हात धुतले, पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या बसने डिचोलीला निघून गेली. आई म्हणाली, "कशाक सांगलंस?" मलाही तेच वाटत होतं. मी मनात पोर्तुगाल सोडून दिला होता. माझा जीव संसारात अडकला होता.

पाचव्या दिवशी कारखान्यातून परतताना बाजारात गलका ऐकू आला. "भाई गेले! भाई गेले!" मी धावलो. चहाच्या दुकानासमोर कंपाउंडरभाई जमिनीवर उताणे पडून हातपाय झाडत होते. आणि त्यांच्या उशाशी गुडघे टेकून कोण? माझी बायको! तिने भाईंच्या डोक्याखाली पिशवी सारली, त्यांना कुशीवर वळवलं, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली. तेवढ्यात काशीबाई कांदा घेऊन धावली. "पाठी सर गो!" मेलेले भाई ओरडले. "कांदो आमटीत घाल! तोंडात चमचो नाय, नाकाक कांदो नाय, कितके मिनिटां झाली तां बघूक होया!" आणि सुनंदाला म्हणाले, "बाये, परत एकदा. माजो हात खाली चेंगारलो."

बाजाराने विचारलं, हे काय चाललंय? भाई धोतर झटकत उठले. "फॉर्म भरताव," ते म्हणाले. लोकांनी ते मान्यही केलं, कारण भाईंच्या फॉर्मचा काही नेम नव्हता. सुनंदाने सही केली. माझ्याकडे न बघताच केली, पण केली. घरी जाताना निम्म्या वाटेवर म्हणाली, "पुन्हा काही लपवलंत तर मीच तुम्हाला फिट आणीन."

विमा कंपनीने आम्हाला घेतलं. फक्त त्या दुखण्याचा खर्च पहिलं वर्षभर देणार नाही म्हणाली. दुसऱ्या वर्षी, पावाच्या दुकानात रांगेत उभा असताना, मी पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीवर होतो आणि सुनंदा मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये कुणालातरी "हात लावू नका" म्हणून दरडावत होती. इस्पितळात तिने माझा आठव्या वर्षापासूनचा इतिहास पाठ म्हटला. कागदावर सगळं आधीच होतं, कंपनीला हात झटकायला जागा उरली नाही. भाईंना फोन लावला. माझी तब्येत त्यांनी विचारली नाही. "तिका दी," म्हणाले, आणि तिला विचारलं, "कितके मिनिटां?" ती म्हणाली, "तीन." "बरी पास झालंस," म्हणून फोन ठेवला.

गेल्या वर्षी भाई वारले. आम्हाला जाता आलं नाही. बातमी कळली त्या दिवशी सुनंदा स्वयंपाक अर्धवट टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा मी परत येणार नव्हते. बाबांनी वकीलसुद्धा बघितला होता. चौथ्या दिवशी भाई डिचोलीला आले, दोन बस बदलून. आमच्या ओसरीवर बाबांसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, त्या मायलेकांचा दोष नाही. लग्न जमेपर्यंत गप्प राहा असं मीच त्यांना बजावलं होतं, माझं पाप त्यांच्या माथी मारू नका. बाबा त्यांना वाटेल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला म्हणाले, तुझ्या घोवाला सांगू नको."

मी तिथूनच पेडण्याला आईला फोन केला. विचारलं, लग्नाच्या वेळी भाईंनी तुला गप्प राहायला सांगितलं होतं का?

"भाई?" आई म्हणाली. "तेंनी तर तीनदा घरी येऊन सांगलेलां, चेडवाच्या बापाशीक सांगून टाक म्हणून. मीच आयकलंय नाय. शेवटी तेंका घरात येऊ नका म्हणून सांगलंय."

मी फोन ठेवला. जन्मभर दुसऱ्यांचं खरं चव्हाट्यावर मांडणारा तो माणूस सत्तराव्या वर्षी दोन बस बदलून गेला होता, फक्त माझ्यासाठी खोटं बोलायला. आणि मी त्यांना कधी धड धन्यवादही दिले नव्हते. लपवायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी सुनंदाला तिथल्या तिथे सांगितलं, आई काय म्हणाली ते सगळं.



"खोटारडा म्हातारा!" ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून रडत राहिली.