बोरा बोराचं पाणी

"निळा हे आडनाव झालं. नाव सांग."

घरमालक काका मला हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी त्यांच्या हॉलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पडद्यावर पॅसिफिक महासागरातल्या बोरा बोरा बेटाचा फोटो होता. मध्ये हिरवा डोंगर, भोवती उथळ, शांत पाणी आणि त्याच्या बाहेर प्रवाळाचं कडं. पाणी कोणत्या रंगाचं आहे असं त्यांनी विचारलं आणि मी निळं म्हणालो. वाशीमकडच्या आमच्या गावात तेवढ्यावर भागायचं.

काकांचं भागत नसे. त्यांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली होती. गिऱ्हाइकानं कापडाचा तुकडा किंवा फुटकी बशी आणून द्यायची आणि काकांनी तोच रंग डब्यात उतरवायचा. आता मात्र त्यांच्या नजरेचा मधला भाग पुसट होत चालला होता. समोरचा माणूस दिसावा म्हणून ते त्याच्या कानाच्या पलीकडे बघत. दूधवाला दर वेळी वळून मागे कोण आहे ते पाहायचा.

इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा काकांनी ठरवलं की उरलेल्या नजरेनं ते पाणी बघायचं. कारखान्यातल्या एका कॅलेंडरवर त्यांनी ते पाहिलं होतं. तो रंग त्यांना कधीच जुळवता आला नव्हता. "छपाईची चूक होती की पाणीच तसं आहे, एवढं बघून येतो," ते म्हणत. जणू कोपऱ्यावर जाऊन भाजी आणायची होती.

मी कर्वेनगरात त्यांच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इंग्रजी वाचता येतं म्हणून सहलीचा बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर गावाहून पुण्याला ट्रॅव्हल्सच्या बसनं आलो, तोच माझा सर्वांत लांबचा प्रवास. तीन विमानं, व्हिसा, पाण्यावर बांधलेल्या खोल्या, हे सगळं मी वाचून दाखवायचो आणि काका एखादी शंका विचारायचे, की मी पुन्हा शोधायला बसायचो.

काकूंना हे वेड मान्य नव्हतं. "बोरं हवी असतील तर मंडईत मिळतात, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको," असं त्या स्वयंपाकघरातून ऐकवत. मग थोड्या वेळानं बाहेर येऊन, विमानात मेतकूट चालतं का ते बघ रे, असं मला हळूच सांगत.

अडलं ते तारखेवर. घरी गौरी बसतात, म्हणून गणपतीनंतर जायचं ठरलं. गणपतीनंतर पितृपक्ष आला, त्यात तिकीट काढायचं नाही. मग दिवाळीला मुलगी माहेरी येणार होती. दिवाळीनंतर तिकडे पावसाळा सुरू होतो, हे मीच शोधून सांगितलं आणि सांगितल्यावर वाटलं, गप्प राहायला हवं होतं. तो पावसाळा संपला तर पुतण्याच्या मुलाची मुंज निघाली. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. आपला स्वतःचा दिवस सगळ्यांचं झाल्यावर उरला तर घ्यायचा.

डोळे मात्र थांबले नव्हते. एके दिवशी काका एक मोजा काळा आणि एक तपकिरी घालून फिरायला निघाले. दुसऱ्या दिवसापासून काकू मोजे जोडीनं गुंडाळून त्यांच्या हातात द्यायला लागल्या. मी मात्र धीर करून म्हणालो, काका, मुंज राहू द्या ना, आधी जाऊन या.

"तू गावाकडचा ना? घरातला थोरला मुंजीला गेला नाही तर काय बोलतात, ते मी तुला सांगायचं?"

मी त्यांच्या घरात भाड्यानं राहणारा मुलगा, हट्ट तरी कोणत्या नात्यानं करणार?

मुंज झाली. दोघांची तिकिटं निघाली. जायच्या आदल्या आठवड्यात काकांनी पुन्हा फोटो लावायला सांगितला. त्यांना आता त्यात फक्त उजेड दिसत होता. मी शब्द शोधत बसलो, तेव्हा काकूंनी कपाट उघडलं आणि साड्या आणून पलंगावर पसरल्या. किनाऱ्याला हा आनंदी रंग, मग हा चिंतामणी, आणि लांब, खोल पाण्यात मोरपंखी, असं त्या एकेका साडीवर काकांचा हात ठेवून सांगत गेल्या. चिंतामणी साडी काकांनी अगदी नाकाजवळ नेली, उजवीकडून बघितली, डावीकडून बघितली.

"ही चिंतामणी?"

"अहो, तुम्हीच आणलेली आहे."

काकांनी साडीची घडी घालायला घेतली. ती काही नीट जमली नाही.

बेटावर पोचल्यावर त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. माझी इथे कॉलेजला जायची वेळ होती. तिकडे आदल्या दिवसाची दुपार होती, आणि आम्ही अजून कालच्यातच आहोत, असं सांगून काका स्वतःच हसले. फोन काकूंनी धरला होता. चित्र हललं, मग पुन्हा काका दिसले. गळ्यात फुलांची माळ, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"हिला विचारलं तर ही सगळंच छान म्हणते," ते म्हणाले. "तू त्रयस्थ आहेस. मागे नीट बघ आणि मला खरं सांग, कोणता आहे?"

मी फोन डोळ्यांजवळ नेला. पाणी चौकोनी ठिपक्यांत फुटत होतं, मध्येच पांढरं पडत होतं. काका, एक मिनिट थांबा, असं मी म्हणालो. ते थांबले. आणि तेवढ्यात चित्रही थांबलं.

त्या थांबलेल्या चित्रात काकांचा एक हात मागे पसरलेला होता, मला पाणी दाखवायला. पाणी त्यांच्या डाव्या बाजूला होतं. हात उजवीकडे, खोलीच्या भिंतीकडे होता.