मोसंबी घातलेली रताळी

रताळ्यांच्या आकाराबाबत सरकारनं तातडीनं समिती नेमावी. आज चार रताळी सोलली, एकही सरळ निघालं नाही. बोट मात्र कापलं.

गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत शेजारी शबानाभाभी राहायच्या. रताळी अन् मोसंबीच्या फोडींना गूळ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजायच्या आणि काचेचं भांडं भरून आमच्याकडं पाठवायच्या. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून मी त्यात मूठभर शेंगदाणे अन् एक टोमणा घालायचो. "भाभी, या दोघांचा निकाह कुणाला विचारून लावला?"

त्या हसायच्या. "अरे, खाके तो देखो, भाऊ!"

तेच टोमणे मी इथं, या सदरातही टाकायचो. तुम्ही पोट धरून हसलात.

मागच्या महिन्यात भाभी वारल्या. भांडं माझ्याकडंच राहिलं होतं. आज त्यातच मोसंबी घालून रताळी भाजली आणि त्यांच्या मिस्टरांना, सलीमभाईंना, नेऊन दिली.

एक घास खाऊन ते म्हणाले, "कडू झालंय भाऊ. मोसंबीची पांढरी साल काढली नाय व्हय? ती एकेक फोड सोलत बसायची. म्हणायची, भाऊला आवडत तर नाय, पर एक दिन अच्छा बोलेंगे."

दर वेळी मी ते भांडं बोटानं पुसून खायचो आणि मग स्वच्छ घासून परत द्यायचो. त्यांना कळणार तरी कसं?

"अच्छा था, सलीमभाई," मी म्हणालो. "हर बार."