सोवळेकाकूंची भिंत

एडिसन गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकूंच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. "बाहेरच बसा, आत आलात तर चहा मिळणार नाही!" असा दम भरायच्या. म्हणून आम्ही त्यांना सोवळेकाकू म्हणायचो. त्यांच्या सोवळ्याला ऑम्लेट चालायचं, पण अमेरिकेत तेवढी सूट असतेच.

आमटी मात्र अशी करायच्या, की ताटावरून उठवत नसे. किचन अरुंद, जुनाट. टाइल्स पिवळट, हॉलच्या बाजूला भिंत. त्या भिंतीला हात लावत काकू आतबाहेर करायच्या. एकदा दारातून पाहिलं, तर चहा ओतताना त्यांचं बोट कपात! मला हसू आलं. घरी आल्यावर मात्र, का कोण जाणे, ते बोट डोळ्यांसमोरून हलेना.

काकूंचा मुलगा मंदार दूरच्या शुगर लँड शहरातून आला तो किचन बदलायचं ठरवूनच. "आई, ही भिंत काढू. ओपन किचन केलं की हॉलमधलं सगळं दिसेल तुला."

"त्या भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय?" काकू म्हणाल्या. मंदार हसला. काकू हसल्या नाहीत.

काम चालू असताना त्या शेजारी आमच्याकडे राहिल्या. पलीकडे घण पडला की माझं मनगट घट्ट धरायच्या. "किती उरली गं?" विचारायच्या.

काम संपल्यावर मंदारने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. नवी शेगडी म्हणजे नुसती काळी, गुळगुळीत काच. ना फिरवायची बटणं, ना जाळ. ती त्यानेच तापवून ठेवली होती. "आई, पहिली फोडणी तुझी!"

काकू दोन्ही हात पुढे धरून त्या मोकळ्या जागेतून चाचपडत निघाल्या. मी हाक मारेपर्यंत त्यांनी शेगडी शोधायला तळवा टेकवला होता, थेट तापलेल्या काचेवर.

त्यांचा हात नळाखाली धरून मंदार रडत होता. "आई, कधीपासून दिसत नाहीये तुला? सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर मला इथे एकटीला राहू दिलं असतंस?"

आठवड्याभरात तो त्यांना शुगर लँडला घेऊन निघाला. मला फार वाईट वाटलं. तो बॅगा गाडीत ठेवत होता, तेव्हा काकूंनी मला जवळ ओढलं.

"किचन छान झालंय ना गं? हौसेनं केलंय त्यानं."

"खूप छान झालंय, काकू."

"मग तूच सांग त्याला. मी म्हटलेलं आता त्याला खरं वाटत नाही."