प्रकाशच्या खिशातला प्रोसेसर

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. नवरा, सासू, दीर — तिघांची मढी माझ्या डोळ्यांदेखत घरातून निघाली, एकही माघारी आलं नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर ढोंगी म्हणालेली आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याची एक खोली आहे. तिथे माझा धाकटा मुलगा प्रकाश टायपिंगचं दुकान चालवायचा. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मशीन जुनं होतं. नवीन मराठी सॉफ्टवेअर त्याच्यावर चालेना, म्हणून २००२ साली मार्चमध्ये तो मोटरसायकलवर जालन्याला गेला, चांगला प्रोसेसर आणायला. येताना अंबड रोडला उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. जागेवरच गेला.

दवाखान्यातून त्याच्या खिशातल्या वस्तू एका पिशवीत मिळाल्या. घड्याळ, प्रोसेसरची डबी, आणि पांढऱ्या लेपाची एक ट्यूब — वरची अक्षरं घासून गेलेली. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बरं झालं, काही इच्छा मागे राहिली नाही.

तेरावा झाला आणि थोरला, दत्ता, म्हणाला, "माय, मशीन मोडीत देऊन टाकू. रेखाला धाडू माहेरी, अंतरवालीला. बाईच्या जातीनं बाजारात दुकान मांडून बसावं का?"

"अन् पोरीला कोण खाऊ घालील?"

"मामा हायेत की तिला."

रेखा ही प्रकाशची बायको. टायपिंग तिला त्यानंच शिकवलेलं. शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, नवीन सॉफ्टवेअर चालत असेल तर आसपासच्या सगळ्या शाळांचे पेपर तुमच्याकडे देतो. म्हणजे मशीन चाललं तर रेखा आणि नात इथे राहणार, नाहीतर जाणार. सुनेचा मला फार पुळका होता असं नाही. पण नात सहा वर्षांची होती, आणि दत्ताच्या दारात जेवायला बसायची माझी तयारी नव्हती.

"आत्याबाई, त्याइनी एकदा माझ्यासमोर प्रोसेसर काढून लावल्ता," रेखा म्हणाली. "मला बराबर याद हाय."

"मंग उघड."

दुपारची वेळ होती. तिनं मशीनचा डबा उघडला, आतला पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला. त्याच्या पोटाला पांढरा लेप वाळून बसलेला. बाजूची बारीक दांडी उचलली तसा जुना प्रोसेसर सुटला. मग तिनं नवा काढला... त्याच्या एका कोपऱ्यातल्या चार पिना वाकल्या होत्या. प्रकाश गाडीवरून पडला तेव्हाच्या. रेखा तो हातात धरून रडायला लागली.

"मंग रड," मी म्हणाले. "आधी उजेडात धर."

गोधडीच्या सुईनं मी एकेक पिन सरळ केली. तास गेला. मग प्रोसेसर जोर न लावता आपोआप बसला. प्रकाश असा पांढरा लेप लावायचा हे रेखाला ठाऊक होतं. पिशवीतल्या ट्यूबमधला लेप तिनं प्रोसेसरवर काढला, मी तो काडेपेटीच्या काडीनं सारखा केला. थोडा बोटाला लागला, चुरचुरला. म्हटलं औषध असेल. लगेच वर ठोकळा दाबून बसवला आणि बटण दाबलं.

चाललं. नवीन सॉफ्टवेअरही चाललं. दत्ता दारात उभा राहून बघत होता. "बघू किती दिवस चालतं," म्हणाला आणि गेला.

दोन वर्षं चाललं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली माणूस शिजून निघायचं, पण मशीनला हात लावावा तर रांजणासारखं थंड. दुपारी मी कधीकधी त्याला हात लावून बसायचे. बरं वाटायचं.

२००४ मध्ये मेमरी वाढवायला जालन्याचा मेकॅनिक बोलावला. रेखा पोरीला आणायला शाळेत गेली होती. त्यानं डबा उघडला आणि हसायला लागला.

"मावशी, हे कोन बसवलं?"

"आमी दोघीनी."

"पंख्याची वायरच लावली न्हाई तुमी. इतके दिवस पंखा फिरलाच न्हाई. हे तर दहा मिनिटांत जळून जायला पायजे व्हतं."

त्यानं ठोकळा उचलला. लेपाला बोट लावलं, वास घेतला. आता तो हसत नव्हता.

"मावशी, ही गरमी खेचायची पेस्ट न्हाई. तंबाखूचा चुना हाय हा."

प्रकाशनं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, तंबाखू सोडली म्हणून. मेल्यानंतर दोन वर्षांनी त्याचं खोटं उघडं पडलं.

मी वाकून पाहिलं. चुन्याच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर चुना दोन दिवसांत वाळतो. हा ओला होता. आणि त्यात अंगठा उमटला होता. डावा, वरून तिरपा तुटलेला. प्रकाश अकरा वर्षांचा असताना कडबा कापायच्या मशीनमध्ये त्याच्या अंगठ्याचं टोक गेलं. चिंधी मी बांधली होती. तो तिरपेपणा मला डोळे मिटूनही ओळखता येतो.

लेप मी काडीनं सारखा केला होता, वर ताबडतोब ठोकळा बसला. मधे हात घालायला जागा नव्हती. माझे दोन्ही अंगठे पुरे आहेत, रेखाचेही. मेकॅनिकचे हात मी तिथेच पाहून घेतले. तेही पुरे.

"पुसू का, मावशी? चांगली पेस्ट लावतो."

कावळा तर लगेच शिवला होता. मग हा पोरगा दोन वर्षं इथे काय करत होता — लोखंडाच्या डब्यात, उन्हाळ्यावर उन्हाळे अंगठा दाबून?

"पूस," मी म्हणाले.

त्यानं फडक्यानं पुसलं, पेस्ट लावली, पंख्याची वायर जोडली. त्या संध्याकाळपासून मशीन तापायला लागलं, चारचौघांच्या मशीनसारखं. पुढच्या मे महिन्यात जळालं. पंखा फिरत होता.

तोवर दुकान उभं राहिलं होतं. रेखानं दुसरं मशीन घेतलं. ती आणि नात इथेच आहेत.

पंख्याचं आणि चुन्याचं मी रेखाला सांगितलं. अंगठ्याचं नाही सांगितलं. ती तिथे असती तर तिनं पुसू दिलं नसतं. तो ठसा कुठून आला याचा उलगडा मला आजही झालेला नाही. आई असून मी "पूस" कशी म्हणाले, त्याचाही नाही.

हे मी छापायला पाठवायचं म्हणून वहीत लिहिलंय. टाइप तीच करणार आहे.

रेखा, इथपर्यंत आलीस तर उठू नकोस. पुरं कर आणि पाठव.