गाडीवर बसलेले बाप

आमच्याकडं किस्से कमी पडत नाहीत. महिन्यातून एकदा गरोदर बायांची तपासणी असते आणि त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली एक तरी नवा किस्सा घडतोच. बायको म्हणते, तुम्ही नोकरी करता की पारावर बसता? मी म्हणतो, दोन्ही.

मी वालूरकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक आहे. तापाच्या पेशंटच्या बोटाला सुई टोचत गावोगाव फिरणारा माणूस, त्यामुळं पोरं मला बघितलं की पळतात. तपासणीच्या दिवशी बाया आत असायच्या आणि त्यांना घेऊन आलेले नवरे बाहेर, आपापल्या मोटारसायकलवर. एकदा आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कदम, आतल्यांची सगळे चौकशी करतात. बाहेरच्यांची कोण करतं?" त्या दिवसापासून बाहेरचा कारभार माझ्याकडं. आणि सांगतो, तो मी झकास चालवलाय!

*

पहिल्या वेळी मी ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणं खुर्च्या गोल मांडल्या. सगळे एकमेकांसमोर बसले आणि सगळ्यांनी मोबाईल काढले. शेवटी एकानं दबक्या आवाजात विचारलं, "सायेब, नसबंदीचं हाय का?" बघता बघता निम्म्या खुर्च्या रिकाम्या!

पुढच्या वेळी खुर्च्या आतच ठेवल्या. माझी गाडी त्यांच्या रांगेत लावली, तिच्यावर बसलो आणि चहा मागवला. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, तेव्हा कुठं गडी बोलायला लागले. आता आमचा नियमच झालाय. गाडीवर बसायचं, रस्त्याकडं बघायचं आणि बोलायचं.

*

सुरुवात मी एकाच प्रश्नानं करतो, "तुमी कसे हाव?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "हिमोग्लोबिन दहा हाय." दुसऱ्याचं वजन वाढलं होतं, तिसऱ्याच्या पायावर सूज होती. सगळी उत्तरं बायकोची! मी म्हटलं, अरे बाबांनो, तिचं ती आत सांगतेय, तुमचं सांगा. तर गोविंद नावाचा एक तोंडाळ गडी मलाच समजावायला लागला, "आमचं काय असतंय सायेब? पोट तर तिचं वाढायलंय."

*

याच गोविंदाची पुढं गंमत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं लेकराला बघायला हा सासरवाडीला गेला. त्यांनी जावई म्हणून पलंगावर बसवलं, टॉवेल-टोपी केली, जेवायला वाढलं, लेकरू लांबून दाखवलं आणि वाटेला लावलं. परत येऊन मला म्हणाला, "जावई तर झालो सायेब, बाप कवा व्हायचं?" बोलत होता हसत, पण त्याच्या मनाला लागलं होतं.

मग लिंबाखाली ठरलं की पुढच्या खेपेला पाहुणा म्हणून जायचं नाही, जाऊन काम मागायचं. लेकराला दुपट्यात गुंडाळायचं काम. सराव कशावर करणार? कुणाच्या तरी पिशवीत बाजाराचं काशीफळ होतं, म्हणजे लाल भोपळा. सगळ्यांनी ते आळीपाळीनं गुंडाळलं, खांद्यावर घेतलं, थोपटलं. रस्त्यानं चाललेले एक आजोबा थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता भाजीला बी थंडी वाजायली का?"

गोविंद सासरवाडीला जाऊन लेकरू गुंडाळून आला. सासूबाई बघतच राहिल्या, असं तोच सांगतो. लेकरू झालं तरी लिंबाखालचा चहा त्यानं सोडला नाही.

*

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. बालाजी आमच्या रांगेतला सगळ्यात शांत गडी. त्याच्या बायकोला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, ॲम्ब्युलन्सनं परभणीला न्यावं लागलं. माय-लेकरू दोघंही वाचली, घरी आली. तरी बालाजी तपासणीच्या दिवशी एकटाच येऊन लिंबाखाली बसायचा. लेकराला तो जवळ घेत नाही, एवढं कानावर आलं होतं.

एक दिवस रस्त्याकडं बघत तो म्हणाला, "लेकराला हात लावला की ते रगत दिसतंय. झोप न्हाई. वाटतंय, मी नसलेलंच बरं."

गोविंद गाडीवरून उतरला, बालाजीच्या गाडीची चावी काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. "आज तू माज्या मागं बसायचं," म्हणाला. तोंडाळ गोविंद एवढंच बोलला! ट्रेनिंगमध्ये हे कुणाला शिकवत नाहीत.

मी आत जाऊन सांगितलं, तशा मॅडम म्हणाल्या, आजच्या आज मनाच्या डॉक्टरांकडं न्या. बालाजी अडून बसला, मी येडा हाव का म्हणून. मग बायांना मॅडमजवळ बसवलं आणि आमची अख्खी रांग परभणीला निघाली. दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी त्या गर्दीकडं बघून विचारलं, पेशंट कोण आहे? गोविंद म्हणाला, "आज ह्याचं लिहा. बाकीचे आमी नंतर येतो."

*

बालाजीची आई माझ्याशी भांडायला लिंबाखाली आली. माझ्या पोराला येड्यात काढलं, कमावत्या माणसाला गोळ्या चालू केल्या, असं बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं, चहा दिला आणि बालाजी काय बोलला होता ते सांगितलं. माउली कप हातात धरून खाली बसली.

मग म्हणाली, "ह्याच्या जन्माच्या वख्ताला ह्याचा बाप शेतातल्या आखाड्यावर, खोपीत जाऊन राहिला. घरीच येईना, लेकराला शिवंना. मला वाटलं, माज्यावर राग हाय." कप खाली ठेवून म्हणाली, "त्यांना कुणी इचारलंच न्हाई की." जाताना मात्र, पोराला गोळ्या वेळेवर द्यायचं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं.

*

काही महिन्यांनी लसीकरणाचा दिवस होता. बालाजीचे उपचार चालू होते, झोप परत आली होती. रस्त्याकडं बघतो तर बालाजीच्या खांद्यावर लेकरू, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, आणि मागून बायको मोकळ्या हातांनी येतेय! माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं जपावी लागली. सोबत बालाजीचे वडीलही होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. ते आत गेले नाहीत, रांगेतल्या एका गाडीवर जाऊन बसले.

सुई टोचल्यावर लेकरू रडायला लागलं, तसा बालाजी त्याला बाहेर घेऊन आला आणि दादांच्या शेजारच्या गाडीवर बसला. थोपटता थोपटता, रस्त्याकडं बघत, त्यानं विचारलं, "दादा, तुमी कसे हाव?"

दादा म्हणाले, "तुझ्या मायचे गुडघे दुखायलेत."

सगळी रांग हसली. बालाजी हसला नाही.

"मायचं न्हाई दादा. तुमचं."

दादांनी रस्त्यावरची नजर काढून लेकराकडं बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं. तवा तुला घ्यायचं राहिलं होतं."